लंकेला गेलेली पलटण आणि कुणीच न मागितलेला हिशेब

१९१६ सालच्या एप्रिलचा शेवटचा आठवडा घ्या. आमच्या बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरलेली, गावात पुढाऱ्यांची ही गर्दी, आणि २८ तारखेला टिळकांनी इथंच होमरूल लीग, म्हणजे स्वराज्य मागणारी संघटना, काढली. बॅप्टिस्टा अध्यक्ष, केळकर सेक्रेटरी. हे सगळं आम्हाला लहानपणापासून पाठ असतंय, टिळकवाडीत राहणाऱ्याला तर जरा जास्तच. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी काय झालं ते मात्र इथं फारसं कुणी सांगत नाही. २९ एप्रिलला तिकडं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तैग्रिस नदीकाठच्या कूट गावात जनरल टाउनशेंडनं तुर्कांपुढं हत्यारं टाकली आणि त्याच्याबरोबर कैदेत गेलेल्या जवळपास तेरा हजार माणसांत तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. पाच महिने वेढ्यात काढलेले, शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि त्यातही आपले कितीतरी शिपाई धर्माच्या आड येतंय म्हणून बरेच दिवस ते मांस तोंडात घालेनात. कैदेत हजारोंनी मेले. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात आरामात राहिले, असो.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या मित्रांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी उकरून निघणारा एक वाद. जगात कुठंतरी युद्ध पेटतं, टीव्हीवर नकाशे आणि बाण सुरू होतात, आणि कोणीतरी लिहितोच की लोकांना हे युद्ध नको असेल तर सरकार टिकणार नाही, लोकांचा विश्वास गेला की सत्ता गेली. ऐकायला बरं वाटतं. पण मी जेवढं वाचलोय आणि घरात जेवढं ऐकलोय त्यावरनं मला उलटंच दिसतं. नावडत्या युद्धात लोकांचा विश्वास जातो हे खरं, पण त्याबरोबर सरकारचे अधिकारही जातात असं काही नाही, उलट बऱ्याचदा विश्वास जातो आणि अधिकार तिथंच राहतात, आणि विश्वास नसलेलं पण जादा अधिकार हातात असलेलं सरकार हा प्रकार फार वाईट.

कूटचंच बघा. पराभव एवढा मोठा होता की लंडनला चौकशी कमिशन बसवावं लागलं. बोटी पुरेशा नाहीत, औषधं नाहीत, जखमी माणसं नदीवर तशीच पडून, हे सगळं १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनच्या रिपोर्टात आलं आणि ठपका थेट हिंदुस्थान सरकारवर बसला. लंडनला बसून हिंदुस्थानचा कारभार बघणारा भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन, त्यानं राजीनामा दिला. त्याच्या जागी माँटेग्यू आला आणि २० ऑगस्ट १९१७ ला त्यानं ती घोषणा केली, जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्यानं देणार म्हणून. इथपर्यंत वाचलं की वाटतं, बघा, युद्ध फसलं, विश्वास गेला, सरकार नमलं. पण थांबा की जरा. त्याच युद्धासाठी म्हणून १९१५ ला डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट आणलेला, त्यात धरपकड, विनाचौकशी कैद, स्पेशल कोर्ट, सगळं. युद्ध संपल्यावर तो जायला हवा होता. तर १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा आला, म्हणजे तेच अधिकार शांततेच्या काळातही हातात ठेवायची सोय, आणि एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. एका हातानं द्यायचं कबूल करायचं आणि दुसऱ्या हातानं घेतलेलं सोडायचं नाही.

आणि बेळगावचा भाग त्यात असा की टिळकांनी १ मे १९१६ ला इथं जे स्वराज्यावर भाषण केलं, त्यावरनं आणि नगरच्या भाषणांवरनं सरकारनं त्यांच्याकडनं वीस हजारांचा जातमुचलका मागितला, वर्षभर नीट वागेन म्हणून. त्या काळचे वीस हजार. केस हायकोर्टात गेली, वकील होते जिना, आणि नोव्हेंबरात कोर्टानं तो हुकूम रद्द केला. एवढं एक कोर्ट आडवं आलं म्हणून सुटले. म्हणजे सरकारला आडवं कोण आलं? लोकांचा राग नव्हे, कागदावर लिहिलेला कायदा आणि तो वाचणारा जज. ही गोष्ट पुढं परत परत येते म्हणून इथंच सांगून ठेवतो.

टिळक काही युद्धाच्या विरोधात नव्हते बरं का, भरती करा पण आमच्या पोरांना अधिकाऱ्याचं कमिशन द्या, बरोबरीनं वागवा असं त्यांचं म्हणणं. १९१८ च्या जूनमध्ये गव्हर्नर विलिंग्डननं मुंबईत युद्ध परिषद बोलावली आणि टिळक स्वराज्याचं नाव काढताहेत म्हटल्यावर मध्येच अडवलं, ते उठून बाहेर पडले. त्याच साली गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. आणि खेडाच हं, जिथं काही महिन्यांपूर्वी शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात लोक त्यांना गाड्या फुकट देत होते, एक कार्यकर्ता मागितला तर दोन येत होते. भरतीचं म्हटल्यावर भाड्यानंसुद्धा गाडी मिळेना. मला हे फार बोलकं वाटतं. माणसावरचा विश्वास तोच, गाव तेच, पण युद्ध आपलं नाही हे लोकांना कळलं की गांधीजींनाही बैलगाडी मिळत नाही.

आता घरचं सांगतो.

आमचे मोठे मामा फौजेत होते. आमच्याकडं हे काही विशेष नाही, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, खानापूर, चंदगड, निपाणी, चिकोडी, जाल त्या गावात घरटी एक फौजी निघतोय, शिरोळकडं तर सैनिक टाकळी म्हणून गावच आहे. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर गेलात तर पोरं धावालेली दिसतील. मामा १९८७ ला श्रीलंकेला गेले. शांतिसेना. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, दुसऱ्या दिवशी सलामी घेताना एका लंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला तो फोटो तुम्ही बघितला असेल. म्हणजे जिथं शांतता करायला चाललोय तिथल्या लोकांना आपण किती हवेहवेसे आहोत ते पहिल्याच दिवशी दिसलेलं. तमिळ वाघांकडनं हत्यारं काढून घ्यायची आणि दोघांच्या मध्ये उभं राहायचं असं काम होतं. ऑक्टोबरात त्या वाघांशीच लढाई जुंपली, ऑपरेशन पवन. जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेली शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी जवळजवळ सगळी मारली गेली. महार रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरनना तिथल्याच लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत आली तोपर्यंत जवळपास बाराशे भारतीय जवान गेलेले.

मामा याबद्दल स्वतःहून कधी बोलत नाहीत. एकदा गणपतीत सगळे जमलेलो तेव्हा मी खोदून खोदून विचारलो. म्हणाले, "तू विचारालाईस म्हणून सांगालोय, आम्हाला तिथं शत्रू कोण तेच धड कुणी सांगितलं नाही. सकाळी ज्याला राम राम केलो तोच रात्री सुरुंग पेरतोय. आणि परत आलो तर इथं कुणाला पत्ताच नाही की आम्ही कुठं गेलतो." मामी मधीच म्हणाल्या, तुम्ही लंकेहून येताना चहापत्ती आणलीसा तेवढंच लोकांना माहीत. सगळे हसले. मामाही हसले.

मद्रास बंदरात शांतिसेना उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांची बाजू उघड होती, तमिळांना मारून आलेल्या फौजेला हार घालणार नाही. निदान ते उघड तरी होतं! तमिळनाडूत हे युद्ध नावडतं होतं, लोक बोलत होते, रागावत होते. आपल्याकडं, म्हणजे महाराष्ट्रात म्हणा, कर्नाटकात म्हणा, ते नावडतंही नव्हतं आणि आवडतंही नव्हतं, ते नव्हतंच. पेपरात आतल्या पानावर यायचं. १९८४ ला चारशेच्या वर जागा घेऊन आलेले राजीव गांधी १९८९ ला १९७ वर आले, ते बोफोर्समुळं, महागाईमुळं, अजून कशाकशामुळं, पण माझ्या वाचनात तरी असं कधी आलं नाही की उत्तर भारतातल्या एखाद्या मतदारानं लंकेचा हिशेब मागितला म्हणून मत फिरवलं. तोफांच्या दलालीवर सरकार पडलं आणि बाराशे माणसांवर चर्चा झाली नाही. नंतर आलेल्या व्ही. पी. सिंग सरकारनं फौज माघारी आणायचं काम पूर्ण केलं आणि विषय मिटला. कूटसारखं कमिशन नाही, कोणी राजीनामा दिला नाही. इंग्रजांच्या राज्यात जेवढा हिशेब निघाला तेवढाही आपल्या राज्यात निघाला नाही हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण तसंच आहे. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला झालं, त्यात ही नावं आहेत, पण त्याच्या कितीतरी आधी श्रीलंकेनं, ज्यांनी आपल्याला जा म्हणून सांगितलेलं त्या श्रीलंकेनं, कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक बांधलं.

आता यातला एक भाग असा आहे जो मला वाटतं आमच्या सीमाभागातल्या माणसालाच चटकन कळेल. लंकेतलं भांडण सुरू कुठनं झालं? अनेक कारणं आहेत, पण मोठं कारण म्हणजे १९५६ चा कायदा, सिंहली हीच एकमेव राजभाषा. १९५६! त्याच वर्षी नोव्हेंबरच्या एक तारखेला राज्य पुनर्रचना झाली आणि आमचं बेळगाव, खानापूर, निपाणी मैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून इथली मराठी माणसं त्या दिवशी काळा दिवस पाळतात. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध इथं आंदोलन पेटलं, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली, हिंडलग्याला त्यांचं हुतात्मा स्मारक आहे. आणि जेमतेम वर्षभरानं याच तालुक्यांतली पोरं भाषेवरनं पेटलेल्या दुसऱ्या देशात बंदूक घेऊन मध्ये उभी. मामांना मी हे म्हटलो तर ते म्हणाले, "मग काय, तिथं पण बोर्डावरनंच मारामारी. मला तर वाटलं बेळगावात चन्नम्मा सर्कललाच आलोय." चेष्टेत म्हणाले, पण मला त्यात बरंच काही ऐकू आलं. (तुलना फार ताणू नये हेही कळतं मला. आमच्याकडं मोर्चे, लाठीमार, कोर्टकज्जे झाले, तिथं सव्वीस वर्षं यादवी झाली. आणि माझे अर्धे मित्र कन्नड आहेत, रोज त्यांच्याबरोबर चहा घेतो.)

सरकारवर विश्वास आहे का असं इथल्या मराठी माणसाला विचाराल तर तो आधी विचारेल, कुठल्या सरकारवर, बेंगळूरच्या, मुंबईच्या का दिल्लीच्या? सीमावादावरचा महाजन आयोगाचा रिपोर्ट १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, तो अजून चालूच. तिन्ही ठिकाणची आश्वासनं ऐकून कान किटलेले. पण त्याच घरातला पोरगा भरतीच्या लाईनीत रात्रीपासून उभा असतो, आणि कॅम्पात पलटणीचं बँड वाजलं की आजोबा उठून उभे राहतात. पलटणीवरचा विश्वास आणि सरकारवरचा विश्वास ही आमच्याकडं दोन वेगळी खाती आहेत. आणि सरकारांना हे बरोबर माहीत असतं. युद्ध अंगाशी आलं की सरकार आपल्या खात्यात काही शिल्लक नसताना पलटणीच्या खात्यावर चेक फाडतं: प्रश्न विचारलात म्हणजे तुम्ही जवानांचा अपमान करताय. झालं. तोंड बंद. जवानाला तिथं कुणी पाठवलं, कशाला पाठवलं, काय माहितीवर पाठवलं, हे विचारणं म्हणजे जवानाची बाजू घेणं आहे, पण ते असं फिरवलं जातं की विचारणाराच गुन्हेगार. मामांसारख्यांच्या तोंडून मी आजपर्यंत एकदाही ऐकलो नाही की लोकांनी प्रश्न विचारले म्हणून आमचं मनोबल खचलं. बूट मिळाले नाहीत, नकाशे जुने होते, खालीवर निरोप बदलत होते, याच्यानं खचलं असं मात्र ऐकलोय.

१९६२ मध्ये थोडं वेगळं झालं. ते युद्ध नावडतं नव्हतं, लोकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं, पण ज्या रीतीनं हरलो त्यानं विश्वास गेला. निदान तेव्हा लढाई चालू असताना नोव्हेंबरात लोकसभा भरली, सरकारला शिव्या खाव्या लागल्या, कृष्ण मेनन यांचं संरक्षणमंत्रिपद गेलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे. पुढच्या वर्षी कृपलानींनी नेहरूंच्या सरकारवर पहिला अविश्वास ठराव आणला. हे सगळं चांगलंच. पण दुसरी बाजू बघा. २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी लागली, चीननं महिन्याभरात एकतर्फी लढाई थांबवली, आणि आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. पाच वर्षांच्या वर! डिफेन्स ऑफ इंडिया नावाचा कायदा परत आला, इंग्रजांचंच नाव. त्याखाली कम्युनिस्ट आत गेले, तीनेक हजार चिनी वंशाची भारतीय माणसं, बायकापोरांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवली.

आणि त्याच नियमांखाली १९६३ च्या जानेवारीत मोरारजींचा सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायचे नाहीत. बेळगावच्या शहापुरात जुन्या सोनारांच्या घरी अजून हा विषय काढून बघा. चीनची लढाई कधीच थांबलेली आणि इथं सोनाराची शेगडी विझली, कारागीर दुसऱ्या कामाला लागले, देशभर कितीतरी सोनारांनी जीव दिले. चौदा कॅरेटची अट पुढं ढिली झाली पण कायदा १९६८ ला पक्का झाला आणि उठला कधी, तर १९९० ला. नेफातला, म्हणजे आजच्या अरुणाचलातला, पराभव आणि बावीस कॅरेटची पाटली यांचा काय संबंध? काही नाही. युद्धाच्या नावानं दार उघडलं आणि त्या दारातून जे जे आत घ्यायचं होतं ते सरकारनं घेतलं, एवढंच. पराभवाची कारणं सांगणारा हेंडरसन ब्रुक्स रिपोर्ट मात्र साठ वर्षं उलटली तरी सरकारनं बाहेर काढलेला नाही, कुठल्याच पक्षाच्या सरकारनं. १९७१ ची आणीबाणी तर जिंकलेल्या युद्धाची, ती १९७७ पर्यंत तशीच होती, इंदिराबाईंनी १९७५ ला दुसरी लावली ती पहिलीच्या वर.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर व्हिएतनाम सगळे देतात, मी पण देतो, पण त्यातला लोक सहसा सोडून देतात तो भाग सांगतो. १९६४ च्या ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकेच्या बोटींवर दोनदा हल्ला झाला म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं काँग्रेसकडनं हवं ते करायची मोकळीक घेतली, खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये विरोधात फक्त दोघं. त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता. त्या वर्षी सर्वेत ७७ टक्के अमेरिकन लोक म्हणाले होते की सरकारवर बहुतेक वेळा भरवसा ठेवता येतो. १९७४ च्या शेवटाला तो आकडा ३६ वर. मध्ये टेट, म्हणजे व्हिएतनामी कम्युनिस्टांचा तो मोठा हल्ला, केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळ्या घालून मारलेले, युद्धाबद्दलची खोटी बोलणी उघडी पाडणारे पेंटागॉन पेपर्स, निक्सनचं वॉटरगेट प्रकरण. तो विश्वास नंतर अधूनमधून वर आला पण १९६४ च्या जागी टिकून कधी बसला नाही. आता याचा सरकारच्या ताकदीवर काय परिणाम? एक म्हणजे १९७३ चा वॉर पॉवर्स कायदा, निक्सनचा व्हेटो मोडून केलेला, की फौज पाठवलीस तर ४८ तासांत सांगायचं आणि ६० दिवसांत मंजुरी नसेल तर परत आणायची. कागदावर कडक. १९९९ ला क्लिंटननं कोसोव्होत ७८ दिवस बॉम्ब टाकले, २०११ ला ओबामाचे लोक म्हणाले लिबियात चाललंय त्याला लढाई म्हणताच येत नाही. पळवाट शोधायला वकील ठेवलेले असतातच.

दुसरा परिणाम जास्त खोल, आणि तो सरकारनं स्वतःच्या सोयीनं केला. १९७३ ला सक्तीची भरती बंद. ज्या घरातला पोरगा लॉटरीत नंबर लागून व्हिएतनामला जाईल या भीतीनं आई रस्त्यावर येत होती, ती भीतीच काढून टाकली. नंतर अफगाणिस्तानात वीस वर्षं लढले, लोकांना ते युद्ध नकोसं होऊन गेलं, तरी रस्ते रिकामे, कारण गेलेली पोरं ठरावीक गावांतली, ठरावीक घरांतली. लोकांचा विश्वास परत मिळवायचा एक रस्ता म्हणजे खरं बोलणं. दुसरा रस्ता म्हणजे युद्ध अशा रीतीनं करायचं की बहुतेकांना विश्वास ठेवायची गरजच पडू नये. त्यांनी दुसरा घेतला.

ब्रिटननं निदान एकदा पहिल्या रस्त्यावर पाऊल टाकलं. २००३ ला पंतप्रधान ब्लेअरनं संसदेत मतदान घेऊन इराकमध्ये फौज घातली, ४१२ विरुद्ध १४९, त्याच्या महिनाभर आधी लंडनात प्रचंड मोर्चा निघालेला तो बाजूला सारून. महासंहारक अस्त्रं काही सापडली नाहीत. पण मतदान घ्यायची जी पद्धत पडली ती २०१३ ला पंतप्रधान कॅमेरॉनच्या गळ्यात आली, सीरियावर हल्ला करायचा म्हणाला आणि २८५ विरुद्ध २७२ नं हरला, बसला गप. इराकचं भूत त्या मतदानात होतं हे सगळेच मान्य करतात. त्यामुळंच ओबामानंही मग काँग्रेसला विचारतो म्हणून हात आखडता घेतला. दहा वर्षं लागली, पण विश्वास गेल्याची किंमत खुद्द सत्तेनं भरली असं हे एक उदाहरण मला सापडतं, आणि तेही कशामुळं, तर नावानिशी नोंद होऊन मत द्यावं लागलं म्हणून.

आपल्याकडं यातलं काय आहे? १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीला वेसण घातली, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय पाहिजे, महिन्याच्या आत संसदेची विशेष बहुमतानं मंजुरी पाहिजे, दर सहा महिन्यांनी परत पाहिजे. हे चांगलं काम झालं, आणि ते झालं कारण आणीबाणी दिल्लीच्या पुढाऱ्यांना स्वतःला लागली होती, ते स्वतः तुरुंगात जाऊन आले होते. पण आणीबाणी न लावता फौज देशाबाहेर पाठवायची असेल तर? १९८७ ला तेच झालं. त्याला संसदेच्या मताची अट तेव्हा नव्हती आणि आजही नाही, मंत्रिमंडळानं ठरवलं की पुरतं. कारण लंकेला पुढाऱ्यांची पोरं गेली नव्हती. माझ्या मामांसारखी गेली होती.

आमच्या इथं भरती म्हणजे नोकरी, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. दोन एकर कोरडवाहू, दोन भाऊ, एमआयडीसीत काम नाही, मग उरतं काय? आता तर अग्निवीर, चार वर्षं, चारातला एक कायम, बाकीचे परत गावात. ज्या घराचा पगारच फौजेतनं येतो त्या घरानं हे युद्ध चुकीचं आहे असं चारचौघांत म्हणायचं कसं? म्हणून सर्वेत आमचं मत कायम देशभक्तच निघणार, आणि ज्यांना बोलायला मोकळीक आहे त्यांच्या घरातलं कुणी जात नाही म्हणून त्यांना बोलायची गरज वाटत नाही. मला ग्रुपवरच्या त्या मित्राला हेच सांगायचं होतं, लोकांना नको असेल तर सरकार पडेल म्हणतोस, पण नको आहे हे कळणार कुठनं?

मामांना मी ४४व्या दुरुस्तीचं आणि लंडनच्या त्या मतदानाचं सांगितलो. ऐकून घेतले. म्हणाले, "मग तुमच्या खासदाराला सांग की, असा कायदा करा म्हणून." खासदार निवडणुकीला आमच्या गल्लीत येतात तेव्हा आम्ही काय मागतो, तर ड्रेनेज, पाणी, कित्तूरवरनं धारवाडला जाणारी रेल्वे. लंकेचं कुणी काढेल असं वाटत नाही. पुढच्या खेपेला मी काढणार आहे, बघू मंडळी काय म्हणतात. मामांना म्हटलो तुम्ही पण या, तर म्हणतात, मी येतो पण बोलणार तू.